गाडी पावसात घेत नाही

कोलमनला, माझ्या नवऱ्याला, आता एवढंच बोलता येतं: मी जपमाळेतल्या प्रार्थनेचा पहिला अर्धा भाग म्हटला की त्याच्यापुढचा अर्धा भाग. "पवित्र मारिये"पासून "आमेन"पर्यंत तो एका दमात म्हणतो, न चुकता, पूर्वीच्याच जाड आवाजात. बाकी काही नाही. 'पाणी' नाही, 'हो' नाही, 'डीलिया' नाही. डोक्यात रक्ताची गुठळी अडकली त्या दिवशी उजवा हात, उजवा पाय आणि सगळे शब्द गेले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जन्मभर कानावर पडून जे पाठ झालेलं असतं ते डोक्यात वेगळ्या जागी ठेवलेलं असतं. ती जागा तेवढी वाचली.

हे ऐकून फेस्टी म्हणाला, "मिसेस, त्या जागी मालकांनी कधी पाऊलच ठेवलं नव्हतं. कोरी राहिली असणार." फेस्टी म्हणजे कोलमनच्या हाताखाली गॅरेजात तयार झालेला माणूस, आता त्याचीही पाठ धरते आणि केस पांढरे झालेत, पण जीभ तशीच आहे. मी रडत होते आणि मला हसू आलं. खोटं काय होतं त्यात? संध्याकाळी मी खुर्चीशी गुडघे टेकले की कोलमनला नेमकी अंगणातली कुणाची तरी गाडी आठवायची. "तू म्हण. मी बॉनेटखाली वाकतो, तेही गुडघे टेकल्यासारखंच." उघड्या दारातून माझा आवाज त्याच्या कानावर पडत राहिला, तेवढाच. लग्न झाल्यापासून मी देवाजवळ मागत होते की एक दिवस यानं माझ्याजवळ बसून माळ पुरी करावी. आता तो रोज करतो.

तो नन सिस्टर चालवतात त्या आजारी-म्हाताऱ्यांच्या होममध्ये आहे. आमच्या घरापासून ते बरंच लांब. मधे नुसतं दलदलीचं रान, तळी, आणि मेंढ्या. बस फक्त गुरुवारी. त्याला तिथं ठेवावं लागलं कारण माझ्याच्यानं तो उचलला जात नाही. एकदा घरी आणून पाहिला होता. दुसऱ्याच सकाळी शेगडीपाशी जाताना तो हळूहळू खाली बसला, तो बसलाच. माझ्या खांद्यात त्राण नाही, त्याच्या पायात नाही. फेस्टी येईपर्यंत आम्ही दोघं स्वयंपाकघराच्या फरशीवर भिंतीला टेकून बसलो होतो, एकाच ब्लँकेटमध्ये, दोन मुलं शाळा चुकवून लपल्यासारखी. शिवाय त्याला गिळताना ठसका लागतो. घास चुकीच्या नळीत गेला तर काय होईल, ते डॉक्टरीणबाईंनी मला चित्र काढून समजावलं. त्याला कसं समजवायचं, ते मात्र कुणी सांगितलं नाही.

तो माझ्याच हातचं खायचा. दुसऱ्या कुणी चमचा पुढे केला की ओठ घट्ट मिटून घ्यायचा आणि खिडकीबाहेर बघत राहायचा. म्हणून मी ठरवून टाकलं, तो जेवल्याशिवाय आपणही तोंडात काही घालायचं नाही. सकाळी गावातल्या चर्चमध्ये मिस्सा, मग गाडी, आणि दुपारच्या प्रार्थनेची घंटा व्हायच्या आत त्याच्यापाशी. आमच्या फादरांना सांगितलं तर ते म्हणाले, "डीलिया, देवाला तुझा सकाळचा चहा नकोय."

"त्याला नको असेल, फादर. मला द्यायचाय."

"बाई बाई," म्हणाले फादर.

हे सगळं त्या गाडीवर अवलंबून. निळी, दारांच्या खालून गंजत आलेली, कोलमननं भंगारातून उचलून माझ्यासाठी उभी केलेली. कोरड्या दिवशी चावीला हात लागताच सुरू व्हायची. पण हवेत ओल आली की संपलं. पाऊसच हवा असं नाही, समुद्रावरून धुकं सरकलं तरी पुरे. आणि आमच्याकडे कोरडा दिवस उगवला तर लोक रस्त्यात थांबून एकमेकांना ती बातमी देतात. तेव्हा गाडी किती वेळा अडत असेल, ते वेगळं सांगायला नको. मी चावी फिरवायची, इंजिन गर्र गर्र फिरत राहायचं आणि पकडायचं नाही. तशीच स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहायची. पलीकडे तो ताटावर ओठ मिटून बसलेला असणार, हे मला दिसत असायचं. त्या दिवशी आम्ही दोघंही उपाशी.

होमच्या मोठ्या सिस्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, वजन असंच उतरत राहिलं तर त्याला गॉलवे शहरातल्या मोठ्या इस्पितळात हलवावं लागेल, नळीनं भरवायला. तिथं मला रोज जाणं शक्य नव्हतं.

आता असम्प्टाचं सांगते. ती होममध्ये त्याचं सगळं करते. अंघोळ, दाढी, उठवणं, बसवणं. मोठ्या आवाजाची, लाल नखांची, दारातून आली की खोली भरून टाकणारी. पहिल्या आठवड्यात कोलमन सारखा डावा हात खिडकीकडे करायचा, अंगावरचं पांघरूण ढकलायचा. घरी जायचं, हे आंधळ्यालाही कळलं असतं. तेव्हा असम्प्टा त्याला म्हणाली, "घरी? कसे जाणार? तुमची ती गाडी पावसात सुरू होत नाहीये ना! बायको रोज लटकतेय बिचारी. गाडी नीट झाली की जालच."

आणि तो शांत झाला. जगातलं दुसरं कुठलंही कारण त्याला पटलं नसतं, हे पटलं. गाडी बिघडली आहे तर माणूस जाणार कसा? दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा त्यानं भुवया उचलून खिडकीखालच्या आवाराकडे बोट केलं. मी म्हणाले, "हो रे, कालही अडली." खोटं नव्हतं ते. पण पुरं खरंही नव्हतं, आणि माझं मला ते कळत होतं. मग ते रोजचंच झालं. तो बोट दाखवायचा, मी म्हणायची, "अजून तशीच." तो मान हलवायचा, गॅरेजात गिऱ्हाइकाचं ऐकून हलवायचा तशी, आणि तोंड उघडायचा.

म्हणजे गाडी बिघडलेली होती तोवर माझ्याजवळ उत्तर होतं. आणि गाडी बिघडलेली होती म्हणूनच तो उपाशी राहत होता. मिस्सेला बसले की मला कळायचं नाही, नेमकं मागू काय.

फेस्टीला मी आमच्या शेडमध्ये बोलावलं. बाहेर झिमझिम चालू होती.

"मारा सेल्फ."

मी चावी फिरवली. गर्र, गर्र, गर्र.

"बास. बॅटरी घोड्यासारखी आहे." त्यानं एक प्लग खोलून नाकाशी धरला. "पेट्रोल येतंय. प्लग चिंब आहे नुसता. ठिणगी पडत नाहीये. ओल कुठंतरी ठिणगी खातेय, मिसेस."

"कुठं?"

"ते ऐकून कळलं असतं, तर मी मालक नसतो झालो?"

"झालास की. पाटीवर तुझंच नाव आहे."

"पाटी माझी हो. कान त्यांचे होते."

त्यानं सगळ्या वायरी बदलल्या. गाडी एक-दोन दिवस छान चालली, कारण हवा कोरडी होती. मग धुकं आलं आणि पुन्हा तेच. त्यानं ठिणगीला जोर देणारी कॉइल बदलली. पुन्हा दोन कोरडे दिवस, पुन्हा आम्ही खूश, पुन्हा पाऊस. मग एकदा तो शेडचं दार आतून ओढून घेऊन म्हणाला, "मिसेस, इस्त्रीच्या वेळी कपड्यांवर पाणी मारता ती बाटली आणा." दार लावल्यावर भर दिवसा आत मिट्ट काळोख झाला. मी आत बसून चावी फिरवायची आणि त्यानं वायरींवर, कॉइलवर पाणी फवारत बघायचं. चोरटी ठिणगी असेल तर अंधारात निळी सरपटताना दिसते म्हणे. तो वाकून वाकून बघत राहिला. कुठंच काही नाही.

दार उघडल्यावर मीही बॉनेटखाली डोकावले, आणि मला माझा हातमोजा दिसला. भांडी घासायचा, पिवळा, रबरी.

चारही प्लगांना पाळीपाळीनं ठिणगी वाटणारी एक काळी टोपी असते. तिच्यात पाणी गेलं की गाडी बसली. म्हणून कोलमन त्या टोपीवर हातमोजा चढवायचा. बोटांची टोकं कापून प्रत्येक बोटातून एक वायर बाहेर काढायची आणि मनगटाशी सुतळीनं आवळायचं. आमच्या भागातल्या निम्म्या गाड्यांच्या पोटात माझे हातमोजे होते. ओट्याखाली कायम उजव्या हाताचे तेवढे उरलेले असायचे. मी ओरडले की म्हणायचा, "डाव्याचा अंगठा बरोबर बाजूला बसतो. देवानं तुला दोन हात दिले यात माझा काय दोष?"

"हा काढून बघितलास?" मी फेस्टीला विचारलं.

तो एकदम ताठ झाला. "हे नाही सोडायचं."

"का?"

"गॅरेजचा नियम आहे. ज्यानं बांधलं त्यानं सोडायचं. मी नवा होतो तेव्हा त्यांचं एक अर्धं काम उघडलं होतं, त्या इंजिनाची माती झाली. शिवी नाही दिली मला. झाडू दिला हातात, आणि बरेच दिवस दुसरं काही दिलंच नाही." मग जरा नरम येऊन म्हणाला, "आणि त्यांनी बांधलंय म्हणजे आत कोरडंच असणार. तिथं बघायचं कारणच नाही."

मीही आग्रह धरला नाही. सुतळीची गाठ बघितली. दोन हातांनी मारलेली गाठ होती ती. तशी तो आता पुन्हा मारणार नव्हता.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी फेस्टीनं दिलेला ओल उडवणारा फवारा मारून मी गाडी कशीबशी सुरू केली आणि होमला पोचले. कोलमनला मासा, कुस्करलेले बटाटे आणि कस्टर्ड भरवलं. त्यानं बोट दाखवलं, मी "अजून तशीच" म्हटलं. माळ झाली. निघायला खाली आले तर बाहेर पावसाची भुरभुर, आणि गाडी ढिम्म. मी ऑफिसातून फेस्टीला फोन केला.

तो व्हॅनमधून उतरतानाच म्हणाला, "या गाडीला आता फादरांकडून मरणाऱ्याला लावतात ते शेवटचं तेल लावून घ्या, मिसेस. माझं तेल संपलं."

त्यानं बॉनेट उघडलं. तेवढ्यात वरून काचेवर धाडधाड आवाज आला. कोलमन खिडकीशी होता आणि डाव्या हाताच्या मुठीनं काच बडवत होता. थोड्याच वेळात दारातून चाकाची खुर्ची आली, आणि मागून असम्प्टाचा आवाज.

"काच फोडली असती यांनी! रिकामं ताट उडवलंच आहे. थोडा वेळ हां, कोलमन, थोडाच. आणि ती टोपी डोक्यावर राहू दे. सर्दी झाली तर सिस्टर मला मेणबत्तीसारखं वितळवतील."

ॲम्ब्युलन्स उभी राहते तिथं छप्पर आहे. गाडी तिथवर ढकलत न्यायची ठरली. फेस्टी आणि असम्प्टा मागून रेटत होते, मी स्टिअरिंगवर.

"पगार नाही मिळत मला याचा," असम्प्टा धापा टाकत म्हणाली.

"मलाही नाही मिळाला कधी," फेस्टी म्हणाला. "तुमच्या पुढ्यात बसलेत ना, त्यांनाच विचारा."

कोलमनला बॉनेटच्या अगदी जवळ नेलं. त्यानं डोळे मिटले आणि एक बोट वर केलं. मी चावी फिरवली. बोट खाली आलं, मी थांबले. पुन्हा बोट वर. पुन्हा गर्र गर्र. त्याचं तोंड उजवीकडून ओघळलेलं आहे, पण त्या क्षणी ते ओघळलेलं दिसलं नाही मला. गॅरेजातलं तोंड होतं ते. चहा थंड झाला तरी ज्याला हाक मारायची नाही, असं.

"कॉइल, मालक?" फेस्टीनं विचारलं.

मान आडवी.

"वायरी नव्या घातल्यात मी. चांगल्यातल्या."

कोलमनच्या ओठाचा जो कोपरा हलतो तो हलला. फेस्टी माझ्याकडे बघून म्हणाला, "हसले बघा. चाळिशी गाठलेल्या पोराला अजून हसतात."

"चाळिशी कधी मागं टाकलीस तू," मी म्हणाले.

कोलमनचा डावा हात आत गेला. वायरींवरून, कॉइलवरून सरकत तो पिवळ्या मोज्यापाशी थांबला. दोन बोटांत रबर धरून त्यानं ते चोळलं, कापडवाला कापड चोळून बघतो तसं. मग तो सुतळी ओढायला लागला.

"मालक, ते तुमचंच आहे," फेस्टी हळूच म्हणाला. "तुम्हीच बांधलंय."

कोलमननं पुन्हा ओढली. एका हातानं गाठ सुटेना. त्यानं फेस्टीकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं. मी केसांतली पिन काढली आणि गाठ सोडवली. सुतळी कडक झाली होती, वेळ लागला.

फेस्टीनं मोजा खाली ओढला आणि त्याच्या तळहातावर पाणी सांडलं. चमचाभरच असेल. रबर बोटांच्या बेचक्यात चिरफाळलं होतं. तिथून ओल आत जात होती आणि बाहेर पडायला तिला वाट नव्हती. पाऊस थांबला तरी आत पाऊसच. टोपी उलटी केली तर पेन्सिलीनं ओढावी तशी एक बारीक काळी रेघ. तडा. तेवढ्यातून सगळी ठिणगी पळून जात होती.

"सगळीकडे पाणी मारून बघितलं हो मी," फेस्टी म्हणाला. "जिथं पाणी होतं ते सोडून." त्यानं ओला तळहात पँटला पुसला. "नवी टोपी मागवावी लागेल. मिळाली तर."

कोलमननं मान हलवली, नाही. आणि असम्प्टाचा हात धरला.

"अगं बाई, बायकोसमोर?" असम्प्टा म्हणाली.

त्यानं तिच्या एका लाल नखावर बोट टेकवलं. मग टोपीतल्या रेघेवर. पुन्हा नखावर.

"नेलपॉलिश!" फेस्टी ओरडला. "रेघ खरवडायची आणि वरून नेलपॉलिश! मला कसं नाही सुचलं?"

"तुमची नखं बघितलीत कधी? कसं सुचेल?" म्हणत असम्प्टा पळत आत जाऊन पर्समधली बाटली घेऊन आली. फेस्टीनं छोट्या कानशीनं काळी रेघ घासून काढली, टोपी कोरडी पुसली, आणि असम्प्टानं स्वतः, जीभ दातांत धरून, त्यावर लाल थर दिला. कोलमन बघत होता. घाई करून थर वाळायच्या आत फेस्टी टोपी बसवायला गेला तर त्यानं त्याच्या मनगटावर चापटी मारली. आम्ही सगळे हसलो. मला वाटतं, तो आजारी पडल्यापासून त्याच्याभोवती कुणी असं हसलंच नव्हतं.

टोपी बसली. मोजा कुणी परत चढवला नाही.

"मारा सेल्फ, मिसेस."

चावी फिरवली, आणि इंजिननं पकडलं. छपराबाहेर पाऊस पडत होता आणि गाडी सुरू होती. असम्प्टानं टाळ्या वाजवल्या. फेस्टीनं डोक्यावरची टोपी काढून कोलमनला वाकून नमस्कार केला. कोलमननं डावा तळवा गाडीच्या अंगावर ठेवला आणि तो थरथरता पत्रा हाताखाली घेऊन तसाच राहिला.

मग त्यानं पलीकडच्या दारावर थाप मारली.

"बसायचंय?" फेस्टी आनंदात होता. "बसा की! हक्क आहे तुमचा." त्यानं आणि असम्प्टानं त्याला दोन्ही बाजूंनी धरून उचललं आणि माझ्या शेजारी बसवलं. कोलमननं डाव्या हातानं पट्टा ओढून छातीवरून आडवा घेतला. त्याला तो अडकवता येईना. मी सवयीनं हात पुढे केला आणि खटका लावला. लावून झाल्यावर मला कळलं मी काय केलं ते.

तो समोर बघत होता. गॅरेजातून गाडी बाहेर काढताना बघायचा तसा, काचेपलीकडे. मग त्यानं हात उचलून फाटकाकडे केला. चल.

असम्प्टाचं हसू हळूहळू उतरलं. ती खिडकीशी वाकली आणि त्याला ऐकू जाणार नाही इतक्या खालच्या आवाजात मला म्हणाली, "मी म्हणाले होते. गाडी नीट झाली की. देवा, मीच म्हणाले होते."

"मीही म्हणत होते," मी म्हणाले.

फेस्टी आमच्या दोघींकडे आलटून पालटून बघत राहिला. त्याला काही कुणी सांगितलेलं नव्हतं.

मी गाडी गिअरमध्ये टाकली. का, ते सांगता येत नाही. त्याला खाली उतर म्हणण्याचं बळ नव्हतं, एवढंच. छपराखालून बाहेर येताच काचेवर पाऊस आला. वायपर लावले. फाटकापाशी मी थांबले. उजवीकडे गाव, डावीकडे दलदलीतून आमच्या घराकडे जाणारा रस्ता. कोलमननं डावीकडे बोट केलं. मला वाट ठाऊक नाही असं वाटून नव्हे, नुसतंच, खुशीनं.

मी काहीही सांगितलं असतं तरी त्यानं मानलं असतं. वायपर घासतोय. पेट्रोल नाही. ब्रेक नीट धरत नाही, आधी फेस्टीला दाखवू. गाडीचं कुठलंही कारण त्याला चाललं असतं, आणि तो समजूतदारपणे परत फिरला असता, आणि उद्या पुन्हा खिडकीतून बोट दाखवलं असतं.

"कोलमन," मी म्हणाले, "गाडीत आता काही दोष नाही."

त्यानं मान हलवली. ते त्याला माहीतच होतं.

"दोष गाडीचा नव्हताच. म्हणजे होता, पण त्यामुळं तू इथं नव्हतास. मला तू उचलवत नाहीस रे. तू पडलास तर मी तुला उठवू शकत नाही. घास अडकला तर मला काही करता येणार नाही. गाडी नीट असती तरी मी तुला नेलं नसतं. आणि आजही नेत नाहीये."

तो रस्त्याकडेच बघत होता. मला वाटलं, त्याला कळलं नाही. परत सांगावं लागेल असं वाटून मी घाबरले. एकदा सांगायचं बळ होतं, दुसऱ्यांदाचं नव्हतं.

गाडी अगदी एका लयीत चालू होती. इतकी छान ती कधीच चालली नव्हती.

त्या गाडीची चावी मधोमध आहे, दोन्ही सीटांच्या मधल्या पट्टीवर. त्यानं डावा हात स्वतःच्या अंगावरून आडवा नेला, चावी धरली, आणि फिरवून इंजिन बंद केलं.

मग नुसता टपावरचा पाऊस.

फेस्टी डोक्यावर पोतं घेऊन पळत आला. "काय झालं? परत अडली?"

कोलमननं मान हलवली. नाही. हळू हलवली, फेस्टीला वाईट वाटू नये म्हणून असेल. आपला हात परत मांडीवर घेतला आणि तो तसाच राहू दिला. मी चावी लावली. इंजिननं लगेच पकडलं. मी गाडी मागं घेतली आणि छपराखाली आणून लावली. असम्प्टानं पट्टा सोडला. ती आणि फेस्टी त्याला उचलत होते तेव्हा त्यानं अंग सोडून दिलं, जड झाला एकदम. पांघरूण गुडघ्यांवर टाकताना असम्प्टा रडत होती, आणि तो तिच्याकडे बघत नव्हता. कुणाकडेच बघत नव्हता.

"मी येते वर," मी म्हणाले. "बसते थोडी."

"जा घरी, डीलिया," असम्प्टा म्हणाली. "पाऊस वाढतोय. सकाळी या."

घरी जाताना गाडी एकदाही खोकली नाही.

त्या संध्याकाळी तो जेवला. असम्प्टानं चमचा पुढे केला आणि त्यानं तोंड उघडलं. तिनं दुसऱ्या दिवशी मला ते आनंदानं सांगायचा प्रयत्न केला आणि तिला ते नीट जमलं नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याला नव्या मुलीनं भरवलं. मग जिला वेळ असेल तिनं. तो कुणाच्याही हातचं खातो आता. चमचा आला की तोंड उघडतं, गिळतो, पुन्हा उघडतं. वजन वर चढतंय, असं मोठ्या सिस्टर सांगतात. गॉलवेचं नाव कुणी काढत नाही.

मी रोज जाते. मिस्सा होते, मी गाडीत बसते, आणि पाऊस असो धुकं असो, ती सुरू होते. वाटेत कुठं थांबावं लागत नाही. तरी कधी कधी मी पोचते तोवर त्याचं जेवण होऊन गेलेलं असतं, हनुवटी पुसलेली असते. तिथल्या मुली मला म्हणतात, "बसा ना, चहा घ्या, सकाळपासून काही खाल्लं नसेल तुम्ही." तो जेवलेला असतो, तेव्हा माझी हरकत नसते. मी त्याच्या शेजारी बसून चहा घेते.